राजपुत्राचे सोबती

मला सोडून गेलेली पहिली बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर राहत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही कोपरखैरण्याला राहायचो आणि वडिलांनी 'अभ्यासाला लागतो' म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरवर मी एक परदेशी खेळ खेळत बसायचो. तलवारी, जादू, राक्षस, गुहा असा तो खेळ. त्यात आपण एकटे नसतो. वाटेत भेटलेली माणसं आपल्याबरोबर चालायला लागतात, हळूहळू सहा जणांची टोळी होते, आणि पडद्याच्या उजव्या कडेला त्या सहा जणांचे चेहरे एकाखाली एक दिसत राहतात. कोण पुढे लढणार, कोण जखमा बऱ्या करणार, कुणाच्या अंगावर कुठलं चिलखत, हे सगळं आपण ठरवायचं. मी ते अगदी सोप्या रीतीनं ठरवत होतो. जे जे चांगलं मिळेल ते मी घालायचो आणि उरलेलं त्या पाच जणांत वाटून टाकायचो. परिणामी माझे सोबती फार वेळा मरायचे, आणि मला त्यांचा राग यायचा.

सोडून गेली ती टोळीतली जादूगार. एका गावात शिरल्यावर मी नेहमीप्रमाणे घराघरांत घुसून लोकांच्या पेट्या उघडत होतो. त्या खेळात तसं करता यायचं, म्हणून मी करायचो. चौथ्या का पाचव्या घरानंतर ती बाई जागच्या जागी थांबली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली की असल्या माणसाबरोबर मी पुढे येणार नाही. मग ती खरोखरच चालू लागली. कडेच्या चेहऱ्यांमधला तिचा चेहरा गेला आणि तिथे काळा चौकोन राहिला.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

"काय झालं? भाकरी का टाकलीस?" आईनं विचारलं.

"सोडून गेली," मी म्हणालो.

आईचा हात पिठात तसाच थांबला. तिनं वडिलांकडे पाहिलं.

"कोण?"

"होती एक. इतके दिवस बरोबर होती. जाताना माझी अंगठी पण घेऊन गेली."

"तू अंगठी कुठनं आणलीस?" वडिलांनी विचारलं.

"एका म्हातारीच्या घरातनं उचलली होती."

यापुढचं सगळं जेवण हा खेळ आहे हे समजावून सांगण्यात गेलं. वडिलांना ते पटायला बराच वेळ लागला. ते बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत होते आणि माणसं खोटं कधी बोलतात हे आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. आईला मात्र लगेच पटलं. सगळं नीट ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग बरोबरच केलं की तिनं." आणि तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

त्या वर्षी मी बी.एस्सी. होऊन बेलापूरला एका कॉम्प्युटर क्लासला जात होतो. खाली झेरॉक्स आणि स्टॅम्पपेपरची दुकानं, वर आमचा क्लास. कोर्सच्या शेवटी प्रोजेक्ट करायचं असायचं. सगळे जण पगारपत्रकाचा नाहीतर लायब्ररीचा प्रोग्रॅम करायचे. मी सरांना जाऊन सांगितलं की मी खेळ करणार आहे, तसा, सोबत्यांचा, पण मराठीतून. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही एकटे करणार?"

"हो."

"एकटे नाही. तिघांचा ग्रुप पाहिजे. आणि चालला पाहिजे, नुसतं सांगू नका."

म्हणजे मला दोन सोबती निवडायचे होते. हे काम आपल्याला उत्तम येतं असा माझा समज होता. खेळात मी जसे निवडायचो तसेच निवडले, एक दांडगा आणि एक हुशार.

दांडगा म्हणजे माझा बोनकोड्याचा मित्र. आमच्या कोपरखैरण्याच्या इमारती उठायच्या आधीपासून त्याचं गाव तिथे होतं. त्याच्याकडे मोटारसायकल होती, तिच्यावर मागे बसून मी रोज क्लासला जायचो. खेळाची ती परदेशी सीडीही त्यानंच कुठूनतरी आणून दिली होती. गावच्या क्रिकेट टीमचे बॅनर तो रंगवायचा, आणि चित्रं काढण्यात त्याचा हात इतका साफ होता की मला तो दांडगा का वाटत होता हे आज सांगता येत नाही. बहुतेक त्याचे दंड बघून.

हुशार म्हणजे वर्गातली एक मुलगी. ती उरणच्या पुढून, मोऱ्याहून यायची. तिच्या वडिलांची मासेमारीची बोट होती. सकाळी एस.टी. पकडून ती आमच्या सगळ्यांच्या आधी क्लासला पोचायची आणि ज्याच्या कळा अडकत नाहीत असा एकमेव कीबोर्ड असलेल्या कॉम्प्युटरसमोर बसायची. प्रोग्रॅम चुकला की आम्ही बाकीचे मशीन बंद करून पुन्हा चालू करायचो. ती मात्र ओळ न् ओळ वाचत बसायची आणि चूक शोधून काढायची. शिवाय ती मला आवडत होती. हे कारण मी सरांना सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी मी कामं वाटून टाकली. चित्रं मित्र काढणार, प्रोग्रॅम आणि टायपिंग ती करणार, आणि मी विचार करणार. दोघांनी मान हलवली. त्यांचा होकार मला इतका सहज वाटला की आपल्या अंगात नेतृत्व आहे हे त्या दिवशी माझ्या मनात पक्कं झालं.

माझी गोष्ट अशी होती. एका राजपुत्राला राज्यातून हाकलून दिलेलं असतं. डोंगराखालच्या गुहेतून एक मणी आणला की त्याला राज्य परत मिळणार असतं. वाटेत त्याला चार सोबती मिळतात: एक पैलवान, एक वैदीण, एक म्हातारा पंडित आणि एक चोर. चारपेक्षा जास्त सोबती घेतले तर आमचा क्लासचा कॉम्प्युटर आचके द्यायचा, म्हणून चार. पैलवान मी मित्रावर बेतला होता. वैदीण तिच्यावर. राजपुत्र कुणावर बेतला होता हे कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. तो दिसायला गोरा आणि कमी बोलणारा होता, एवढंच त्याच्यात आणि माझ्यात अंतर होतं.

संवाद मी घरून लिहून आणायचो आणि ती टाईप करायची. त्या पडद्यावर देवनागरी उमटवणं आम्हाला जमेना, त्यामुळे सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागायचं. एका दुपारी ती टाईप करता करता थांबली.

"हे 'मरेन' आहे की 'मारेन'?"

"कुठे?"

"पैलवान राजपुत्राला म्हणतो ते. इंग्रजीत दोन्ही सारखंच दिसतं."

"मरेन," मी म्हणालो. "मी तुमच्यासाठी मरेन, असं आहे ते."

मागच्या बाकावर मित्र आलेखाच्या कागदावर पैलवानाच्या मिशा रंगवत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "कनाला?"

"कशाला म्हणजे?"

"कनाला मरल तो? मी तुना कवा चाय पन नाय पाजली. आनि हा पैल्या भेटीत मराला निंगला."

ती हसली. मग खुर्ची वळवून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "आणि ही वैदीण? ही कशाला येते याच्याबरोबर?"

मी हा प्रश्न कधी स्वतःला विचारलाच नव्हता. मी म्हणालो, "कारण तो नायक आहे."

"हे तिला कुणी सांगितलं?"

मी हातातले कागद चाळायला लागलो.

"तिचं गाव आहे, पेशंट आहेत, घर आहे," ती म्हणाली. "आणि एक अनोळखी माणूस येऊन म्हणतो माझ्याबरोबर गुहेत चल. तिची एकूण वाक्यं किती आहेत बघितलंस का? 'मी तुमच्याबरोबर आहे.' 'जखम बरी झाली.' 'सांभाळून.' इतकीच. ही बाई नाही, आयोडिनची बाटली आहे."

मला फार लागलं. वैदीण तिच्यावरच बेतली आहे हे तिला अजिबात ओळखू आलं नव्हतं, हे जास्त लागलं. दोन दिवस मी मोटारसायकलवर न बसता बसनं क्लासला गेलो. तिसऱ्या दिवशी बस आली नाही तेव्हा मित्र नाक्यावर गाडी थांबवून म्हणाला, "बस आता," आणि मी बसलो.

मी परत गेलो तोवर त्या दोघांनी काम पुढे नेलं होतं. प्रत्येक सोबत्याला आता स्वतःचं काहीतरी काम होतं. पैलवानाचा बैल चोरीला गेला होता आणि तो डोंगराकडे नेल्याची खबर होती, म्हणून तो त्या वाटेनं निघाला होता. राजपुत्राची वाट तीच निघाली, एवढंच. म्हाताऱ्या पंडिताला मुलगा आणि सून घरात बोलू देत नव्हते, त्याला फक्त ऐकणारं कुणीतरी हवं होतं. चोराला गाव सोडणं भागच होतं. आणि वैदिणीला नकाशाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदरावर जायचं होतं. तिथून जहाज पकडून ती दूरच्या बेटावर औषधं शिकायला जाणार होती. वाट धोक्याची, म्हणून सोबत हवी, म्हणून ती राजपुत्राबरोबर.

"म्हणजे बंदर आलं की?"

"की ती उतरून जाणार," ती म्हणाली.

"पण गुहा बंदराच्या नंतर आहे. ती गेली तर शेवटच्या लढाईत जखमा कोण बऱ्या करणार? सगळे मरतील."

"मग तिच्याकडून आधी शिकून घ्या. किंवा औषध बरोबर बांधून घ्या. ती सांगते आधी तीनदा, मी जाणार आहे म्हणून."

मी खूप भांडलो. खेळाचा तोल जातो, खेळणाऱ्याला राग येतो, असले मुद्दे मांडले. मुद्दे चुकीचे नव्हते. पण मी ते मांडत होतो ते तोलासाठी नाही. मला वैदीण गुहेपर्यंत यायला हवी होती. मित्रानं मत तिला दिलं आणि दोनास एक असं होऊन विषय संपला.

कबूल करायला हवं की खेळ आता चांगला व्हायला लागला होता. आम्हाला असं आढळलं की सोबती सगळे एकाच मताचे असले की एकाच माणसाला आठ हात फुटल्यासारखं वाटतं, आणि सगळे एकमेकांशी भांडले की कुणी पाऊलही पुढे टाकत नाही. मग आम्ही जोड्या लावल्या. पंडित आणि चोर प्रत्येक मुक्कामाला मिठावरून वाद घालायचे. पंडित म्हणायचा कमी घाल, चोर म्हणायचा मी चोरून आणलंय, मी ठरवणार. पैलवान दोघांच्या मध्ये झोपायचा. राजपुत्राला या बोलण्यात एकही वाक्य नव्हतं आणि वर्गातली बाकीची मुलं आमच्या मशीनमागे उभी राहून नेमकं हेच वाचून हसायची. मित्र आणि ती हे संवाद त्यांच्या त्यांच्या गावच्या बोलीत बोलून बघायचे. ती आमच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, पण त्याच्याशी बोलताना तिचे 'ण' सगळे 'न' व्हायचे आणि वेग इतका वाढायचा की मला निम्मंच कळायचं. मी मधेमधे हसायचो, म्हणजे कळलंय असं वाटावं म्हणून.

मग मी माझा डाव टाकला. बंदराच्या आदल्या मुक्कामाला शेकोटीचा एक प्रसंग मी लिहिला. बाकीचे झोपलेत, राजपुत्र आणि वैदीण जागे आहेत. राजपुत्र म्हणतो की माझं राज्य मला मिळालं तरी तुझ्याशिवाय ते रिकामं असेल. वैदीण खाली बघते. मग ती म्हणते, मी जहाजानं जाणार नाही, तुमच्याबरोबर येते. हे लिहिताना माझे कान तापले होते. दुसऱ्या दिवशी मी ते बाकीच्या कागदांच्या मधोमध घालून, सहज दिल्यासारखं तिला दिलं आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. बराच वेळ पाणी प्यायलो.

परत आलो तेव्हा टायपिंग झालं होतं. तिनं माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"राजपुत्राला निवडायला तू तीन वाक्यं दिलीस. तिन्हींचा अर्थ एकच. आणि तिला निवडायला काहीच नाही. ती नाही कधी म्हणणार?"

"ती नाही कशाला म्हणेल?"

ती पुन्हा पडद्याकडे वळली. "ते मी बघते," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी खेळून बघायला बसलो. शेकोटीपर्यंत पोचलो. राजपुत्रानं माझं वाक्य म्हटलं. वैदीण म्हणाली, "तुम्ही दमलात. झोपा आता. मला सकाळी जहाज आहे."

मी मागे जाऊन पुन्हा खेळलो. या वेळी वाटेतले सगळे राक्षस मारले, सगळं धन गोळा केलं, वैदिणीला सगळ्यात महागडं चिलखतही दिलं, जे मी आयुष्यात कधी कुणाला दिलं नव्हतं. "तुम्ही दमलात. झोपा आता." तिसऱ्यांदाही तेच.

"बग आहे यात, प्रोग्रॅम चुकलाय," मी म्हणालो.

"बग नाही," ती म्हणाली.

मित्रानं मला खुर्चीवरून उठवलं आणि तो बसला. त्याची खेळायची तऱ्हा मला बघवत नसे. तो लढायाच टाळायचा. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचा, एकाच माणसाशी दोन-दोनदा बोलायचा, ज्यातून ना धन मिळतं ना ताकद असे सगळे प्रश्न विचारायचा. पंडिताला त्याच्या सुनेविषयी विचारलं. पैलवानाला बैलाचं नाव विचारलं. वैदिणीला विचारलं की बेटावर तुझं कोण आहे, तिथे किती दिवस राहणार, तुला समुद्र लागतो का. हे प्रश्न यादीत होते, मी स्वतः ते वाचले होते आणि फायदा नाही म्हणून प्रत्येक वेळी सोडून दिले होते. शेकोटी आली. राजपुत्रानं तेच वाक्य म्हटलं. वैदीण म्हणाली, "मी जाणार हे नक्की. पण तुमचं काम झालं की बेटावर या. मी धक्क्यावर येईन."

मित्र खुर्चीत मागे रेलला. "ही तर चांगली बोलते," तो म्हणाला. "तुना कनाला झोपवते?"

मी म्हणालो की त्याचं मशीन वेगळं असेल. ते तेच मशीन होतं.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी क्लासमध्ये पालकांना बोलावलं होतं. वाशीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतले एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. मी टाय लावला होता. माझे वडील ऑफिसमधून चालतच आले आणि आई कोपरखैरण्याहून बसनं. आमची पाळी आली तेव्हा मी उभा राहून खेळाविषयी बोलायला लागलो. 'सोबती हा या खेळाचा आत्मा आहे' असं म्हणालो, आणि 'मी' हा शब्द बराच वापरला. मित्र आणि ती मशीनच्या दोन बाजूंना उभे होते. माझं बोलणं संपायच्या आत पाहुणे साहेब खुर्चीत बसून खेळायला लागले होते.

साहेबांना कीबोर्ड नवा नव्हता, पण खेळ नवा होता. चौघे सोबती मिळाल्यावर लागणाऱ्या पहिल्याच पुलावर एक राक्षस वाट अडवून उभा असतो. त्याच्याशी बोललं की तो सोडतो. साहेबांनी बोलायची कळ दाबायच्या ऐवजी लढायची दाबली. राजपुत्र एकटाच पुढे धावला आणि राक्षसानं त्याला एका फटक्यात आडवा केला.

माझ्या मूळ आराखड्यात राजपुत्र मेला की खेळ संपायचा. काळा पडदा यायचा आणि 'राज्य बुडाले' अशी अक्षरं यायची. मी पुढे होऊन साहेबांना म्हणालो, "सर, पुन्हा सुरू करतो." पण पडदा काळा झाला नाही. पैलवान म्हणाला, "पडला." पंडित म्हणाला, "स्वभावानं चांगला होता." चोर म्हणाला, "तसा." मग वैदीण म्हणाली, "पुढे जायचं का?" आणि खाली हो-नाही असे दोन पर्याय आले.

साहेबांनी हो म्हटलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी. तू 'हो हो' म्हणालास." तिनं सांगितलं असणारच. त्या आठवड्यात मी टाय कुठला लावायचा या विचारात होतो.

त्यानंतर खेळ छान रंगला. पैलवानानं राक्षसालाच बैलाविषयी विचारलं. मिठाच्या भांडणाला माझी आई मोठ्यानं हसली आणि शेजारी बसलेल्या सरांच्या मिसेसना म्हणाली, "अगदी आमच्या घरातलं आहे हे." कुणाचा तरी मामा मागून सूचना देत होता, चोराला पुढे पाठवा, चोराला पुढे पाठवा. बंदर आलं, वैदीण जहाजात बसली, तेव्हा साहेबांनी खुर्चीतूनच पडद्याला हात हलवला आणि मग इकडेतिकडे बघत तो हात केसांवरून फिरवला. राजपुत्र पुलाजवळ पडलेला आहे याची आठवण कुणालाही झाली नाही. मणी सापडल्यावर आता तो द्यायचा कुणाला असा प्रश्न आला. चोरानं तो खिशात टाकला आणि खेळ संपला. टाळ्या पडल्या.

वडील माझ्याजवळ आले. त्यांनी सगळं फार लक्ष देऊन पाहिलं होतं.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "यात तू कोणता?"

"तो सुरुवातीला मेला तो."

त्यांनी थोडा विचार केला. "पुलावरचा?"

"हो."

"मग उरलेलं कुणी केलं?"

मी त्या दोघांकडे बोट दाखवलं. वडील त्यांच्याकडे गेले, आधी मित्राशी हात मिळवला, मग तिला नमस्कार केला आणि बराच वेळ तिच्या वडिलांच्या बोटीविषयी विचारत उभे राहिले. मी टाय सैल केला आणि आईबरोबर समोसा खाल्ला. चांगला होता.

पाहुण्या साहेबांनी मित्राला नंतर बोलावून घेतलं. मुलांसाठी अभ्यासाच्या सीडी करायच्या होत्या, त्यांना चित्रकार हवा होता. तिला बंगळूरच्या कंपनीत नोकरी लागली. मलाही नोकरी लागली, बेलापूरलाच, एका लहान ऑफिसात पगारपत्रकांचे प्रोग्रॅम करायला. खेळ करायचा म्हणून ज्या गोष्टीला मी नाक मुरडलं होतं तीच मी नंतर अनेक वर्षं केली, आणि त्यात मी वाईट नव्हतो.

ती निघायच्या दिवशी मित्र आणि मी मोटारसायकलवरून मोऱ्याला गेलो. तिला लाँचनं मुंबईला जाऊन तिथून गाडी पकडायची होती. तिच्या घरी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिची आई माझ्या ताटात तळलेली मांदेली टाकत राहिली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, माशाचे काटे मला जमत नव्हते. मी एकेक काटा काढत बसलो होतो आणि तोवर मित्र दुसऱ्यांदा भात घेऊन मोकळा झाला होता.

धक्क्यावर गेलो तेव्हा ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलं होतं की लाँच लागायला वेळ होता. तिच्या ट्रंकेवर मित्र बसून तिच्या काकांशी जाळ्यांच्या भावाविषयी बोलत होता. ती कठड्याशी उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. मी घरून वाक्य ठरवून आलो होतो.

"मला एक सांगायचं होतं."

"माहितेय मला," ती म्हणाली. "तो शेकोटीचा सीन मीच टाईप केला ना."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू कुठे काही बोललास? तू कागद दिलास आणि पाणी प्यायला गेलास."

हे खरं होतं. मी चिखलाकडे बघत राहिलो. खाली चिखलातले लहान खेकडे बिळाबाहेर येत होते.

"नाही म्हणतेय मी," ती म्हणाली. "स्पष्ट सांगितलेलं बरं. तुझ्याबरोबर काम करायला मला मजा आली. भांडायलाही आली. पण त्यापुढे काही वाटत नाही. नोकरी नसती लागली तरी नाही म्हटलं असतं, म्हणजे तू नोकरीला दोष देऊ नकोस."

"नाही देणार," मी म्हणालो.

वाईट वाटलं, पण ज्या प्रमाणात वाटेल म्हणून मी तयारी केली होती त्या प्रमाणात वाटलं नाही. मग मी तिला विचारलं की बंगळूरला राहणार कुठे, खोलीवर अजून कोण आहे. ती सांगायला लागली. तिची मावसबहीण तिथे नर्स होती. घरमालकीण मासे शिजवू देत नाही, याचं तिला नोकरीपेक्षा जास्त टेन्शन आलं होतं. आम्ही बराच वेळ त्याच्यावर बोललो. पाणी वर आलं, लाँच लागली, मित्र आणि मी ट्रंक आत चढवली. तिचे काका 'नीट जा' म्हणाले आणि ती डोकं वाकवून आत जाऊन बसली. लाँच वळली तेव्हा ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी असावी, आम्हाला दिसली नाही.

निघताना तिच्या आईनं आमच्या हातात सुके बोंबील आणि जवळ्याची पुडी दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून. मित्र गाडी चालवत होता, म्हणून ती मांडीवर घेऊन मी मागे बसलो. उरण सुटलं तशी कुत्री मागे लागली. एका वस्तीतली कुत्री थकून थांबायची तोवर पुढच्या वस्तीतली निघायची. मित्र वेग वाढवायचा आणि खड्डा आला की पुडी माझ्या मांडीवरून उडायची.

"फेकून दे ना ती," तो एकदा ओरडून म्हणाला.

मी फेकली नाही. घरी आलो तेव्हा आईनं पुडी उघडून नाकाला पदर लावला. तिला सुकी मासळी करता येत नव्हती. मग ती ताट घेऊन खालच्या मजल्यावरच्या मालवणच्या बाईंकडे गेली, अर्धी त्यांना दिली आणि उरलेली कशी करायची ते विचारून आली. जवळ्यात कांदा जरा जास्त पडला. वडील म्हणाले बरं झालंय, आणि सगळं संपवलं.